व्हीपीएन : ट्रकवर ताडपत्री, पण दुकानाला कुलूप?

अलीकडे आपल्या बाजारपेठेत एक नवे नाव कानावर येऊ लागले आहे, ते म्हणजे व्हीपीएन. चंद्रपूर-बल्लारपूरचा लाकूड व्यापारी असो, वडशाचा धानाचा व्यापारी असो की आरमोरीच्या विणकरांकडून कोशाचे कापड उचलणारा असो, मोबाइलवरची जाहिरात पाहून तो विचारतो, "हे घेतले म्हणजे आपला पैसा आणि आपली माहिती सुरक्षित झाली ना?" याचे उत्तर होय असेही आहे आणि नाही असेही आहे. यातला फरक ज्याला कळला नाही, तो व्हीपीएन घेऊन अधिक गाफील होईल आणि त्याचे नुकसानही अधिक होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क हे तिचे पूर्ण नाव. आपल्या जंगलपट्टीतल्या माणसाला ती समजायला अवघड नाही. आलापल्लीहून सागाचा ट्रक निघाला की तो वन विभागाच्या तपासणी नाक्यावर थांबतो. नाकेदार वाहतूक परवाना पाहतो आणि माल कुठून आला, कुठे चालला याची नोंद करतो. इंटरनेटवरही तसेच आहे. तुम्ही जे काही पाठवता ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या नाक्यावरून जाते. बँकेच्या किंवा जीएसटीच्या संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे पेटीत काय आहे ते नाकेदाराला दिसत नाही. मात्र पेटी कोणाच्या नावे चालली ते दिसते. व्हीपीएन घेतले की तुमच्या सगळ्या पेट्या एका बंद ट्रकमध्ये भरल्या जातात आणि तो ट्रक आधी एका आडत्याच्या गोदामात जातो. तेथे ट्रक उघडला जातो आणि आडत्या स्वतःच्या नावाने एकेक पेटी पुढे रवाना करतो. नाक्यावर एवढेच कळते की ट्रक अमुक आडत्याकडे गेला. ज्याला माल मिळतो त्यालाही आडत्याचाच पत्ता दिसतो, तुमचा नाही.

जाणत्या व्यापाऱ्याच्या लक्षात मुद्दा आलाच असेल. नाकेदाराला जे दिसत होते ते आता आडत्याला दिसू लागले. कोणावर तरी भरवसा ठेवणे सुटले नाही, फक्त माणूस बदलला. मग खरा प्रश्न उरतो तो हा, की आडत्या कोण?

एक पैसा आडत न घेता गोदाम, ट्रक आणि हमाल पुरवणारा आडत्या आपण कधी पाहिला आहे काय? पाहिला असेल तर त्याची कमाई दुसरीकडून होत असली पाहिजे. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे 'ओनाव्हो प्रोटेक्ट' हे फुकट व्हीपीएन माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली लोकांना दिले गेले आणि वापरणारा कोणते ॲप किती वेळ उघडतो ही माहिती फेसबुकच्या धंद्यासाठी वापरली गेली. २०१९ मध्ये ते बंद झाले. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने या दिशाभुलीबद्दल फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने '९११ एस५' नावाचे जाळे मोडून काढले. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन अशा फुकट व्हीपीएनच्या वाटेने ते लोकांच्या संगणकांत शिरले होते आणि जगभरातले १ कोटी ९० लाखांहून अधिक इंटरनेट पत्ते त्यातून गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. म्हणजे लुबाडणारा कुठला तरी आणि तपासात पत्ता निघतो तो दुकानदाराचा. पोलीस चौकशीला दारात आल्यावर आपण निर्दोष आहोत हे पटवून देण्यात किती दिवस, किती धंदा आणि किती अब्रू खर्ची पडते, हे लहान व्यापाऱ्याला सांगायला नको. म्हणून फुकटचे व्हीपीएन कोणी मोबाइलमध्ये टाकले असेल तर ते आजच काढून टाकावे.

कायद्याची बाजूही पाहू. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी मनाई केली आहे, पण सर्वसाधारणपणे भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. मात्र 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपनीने ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि त्याला दिलेला इंटरनेट पत्ता ही माहिती किमान ५ वर्षे जपून ठेवायची आहे. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. तेव्हा "कोणालाच काही कळणार नाही" असे सांगून कोणी हे विकत असेल तर तो पुरते सांगत नाही.

मग व्हीपीएन घ्यावे की नाही? दोन ठिकाणी ते उपयोगी आहे. खरेदीसाठी नागपूर-हैदराबादला गेलेला व्यापारी लॉजच्या किंवा स्टेशनच्या फुकट वाय-फायवर हिशेब पाहतो, तेव्हा पैसे देऊन घेतलेले, नावाजलेले व्हीपीएन चालू असलेले बरे. दुसरा उपयोग याहून मोठा आहे, आणि व्हीपीएनचा मूळ जन्मच त्यासाठी झाला. पेढी चंद्रपूरला, गोदाम अहेरीला आणि हिशेब पेढीच्या संगणकावर, अशी ज्यांची व्यवस्था आहे त्यांनी जाणकाराकडून वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएनसारखी व्यवस्था स्वतःच्याच दोन ठिकाणांत बसवून घ्यावी. हे सॉफ्टवेअर फुकट असले तरी त्यात परका मधला माणूस नाही. आडत्या तुम्हीच असता. उठसूट कोणालाही एनीडेस्कचा नंबर देऊन संगणक उघडून देण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते.

परंतु आमच्या दोन जिल्ह्यांतल्या व्यापाऱ्याची गळती वाटेवर कमी आणि दुकानात जास्त आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडली, किंवा फोनवर ओटीपी सांगितला, तर जगातले कोणतेही व्हीपीएन वाचवू शकत नाही. चोराला दुकानदारानेच आत घेतल्यावर ट्रकवरच्या ताडपत्रीचा काय उपयोग?

याहून मोठे दुखणे डिजिटल सहीचे आहे. तेंदूपत्ता, बांबू, इमारती लाकूड यांच्या निविदा आणि लिलाव आता बऱ्याच अंशी ऑनलाइन झाले आहेत. त्यासाठी लागणारी सही एका लहानशा यूएसबी टोकनमध्ये असते. हे टोकन मालकाच्या खिशात किती ठिकाणी असते आणि ऑनलाइन कामे करून देणाऱ्याच्या टेबलाच्या खणात किती ठिकाणी असते, याचा प्रत्येकाने स्वतःशीच हिशेब करावा. बहुतेकदा पासवर्डची चिठ्ठीही त्यालाच चिकटवलेली असते. राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर भरलेला दर कुलूपबंद होतो आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल चावीनेच उघडतो. पण तो दर ज्याच्या संगणकावर टाइप झाला त्याला तो आधीच ठाऊक असतो. शेजारच्या खुर्चीवर तुमचाच प्रतिस्पर्धी आपली निविदा भरायला बसणार असेल, तर सीलबंद लिफाफ्याला अर्थ काय राहिला?

लाकडाच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना शिक्क्याच्या हातोड्याची किंमत माहीत आहे. ओंडक्यावर ज्याची निशाणी, माल त्याचा आणि जबाबदारीही त्याचीच. तो हातोडा कोणी पानठेल्यावर ठेवून घरी जात नसे. डिजिटल सही हा आजचा हातोडा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे या सहीची गुप्त चावी आपल्या ताब्यात ठेवणे हे सही घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर सही देणाऱ्या संस्थेला कळवेपर्यंत जबाबदारी त्याच्यावरच राहते. "मी नाही, ऑपरेटरने केले" ही सबब तेथे चालणे कठीण आहे.

भामरागड, सिरोंचा, एटापल्लीकडे ऑनलाइन काम करून देणाऱ्याशिवाय भागत नाही, हे आम्हाला मान्य आहे. ही मंडळी बहुधा प्रामाणिकच असतात आणि त्यांच्यामुळेच आपली कामे होतात. पण हिशेब भावाभावांतही लिहूनच ठेवावा लागतो. टोकन खिशातून न्यावे, काम होईतो समोर बसावे आणि खिशात घालूनच परतावे. पासवर्ड आणि दर आपल्या हाताने टाकावा. जीएसटी नोंदणीत मोबाइल नंबर आणि ई-मेल सल्लागाराचा असेल तर तो बदलून स्वतःचा द्यावा. पैसे गेलेच तर लाजेखातर गप्प न बसता ताबडतोब १९३० वर फोन करावा. पहिल्या काही तासांतच रक्कम अडवली जाण्याची आशा असते.

आमच्या व्यापारी संघांनीही यात पुढाकार घ्यावा. निविदांच्या हंगामात संघाच्या कार्यालयात एक चांगला संगणक आणि आडोसा असलेले टेबल ठेवले, तर लहान व्यापाऱ्याला आपला दर चार डोळ्यांदेखत भरावा लागणार नाही. त्याचा खर्च एखाद्या सत्कार समारंभाहून जास्त होणार नाही. व्हीपीएन घ्यायचे त्यांनी दाम मोजून, आडत्या पारखून खुशाल घ्यावे. मात्र त्याआधी आपला हातोडा कोणाच्या खणात पडला आहे, ते पाहून यावे.