क्षयाचा ताळेबंद

आमच्या बँकेच्या शाखेत एकाच टेबलाशी बसणारे दोन कारकून होते. दोघांची राहण्याची खोलीही एकच. एकाला क्षय झाला. दुसरा ठणठणीत राहिला. 'ज्याचे त्याचे नशीब,' असे म्हणून आम्ही पुन्हा खातेवहीत डोके घातले.

नशीब हा शब्द शास्त्राला चालत नाही. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, तेव्हा गुन्हेगार सापडला असे वाटले. पण जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूची लागण झालेली असते आणि त्यांपैकी पाच ते दहा टक्केच पुढे आजारी पडतात. म्हणजे जंतू हे निम्मेच उत्तर.

उरलेले उत्तर 'सिस्टिम्स बायॉलॉजी' शोधू पाहते. एकेक रेणू सुटा न तपासता रक्तातील हजारो जनुकांची हालचाल एकदम नोंदवायची आणि संगणकावर तिचा मेळ घालायचा, ही तिची रीत. एका खात्याच्या उताऱ्यावरून बँकेची प्रकृती कळत नाही, ताळेबंद पाहावा लागतो, तसेच हे. २०१० मध्ये लंडन व दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या रक्तात ३९३ जनुकीय नोंदींचा ठसा आढळला. २०१६ मध्ये सोळा जनुकांवरून आजाराची चाहूल वर्षभर आधी लागू शकते, असे दिसले.

पण चाहूल म्हणजे उपाय नव्हे. अकरा जनुकांच्या अशाच चाचणीत धोका दिसलेल्यांना दक्षिण आफ्रिकेत प्रतिबंधक औषध दिले गेले. त्याने आजाराचे प्रमाण घटले नाही, असे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. याउलट झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना तांदूळ-डाळीचा शिधा दिला, तेव्हा तो न मिळालेल्या घरांपेक्षा क्षयाचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी राहिले. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०२५ पर्यंत क्षय हटवण्याचे उद्दिष्ट आपण २०१८ मध्ये जाहीर केले होते. २०२४ मध्ये जगातील क्षयाच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतातच होते. रक्ताच्या चाचण्या व्हाव्यात, स्वस्तही व्हाव्यात. पण ताटही त्याच हिशेबात धरावे लागेल.

आमचा तो कारकून निम्मा पगार गावी धाडून रात्री चहा-पावावर निजत असे. आम्ही त्याचा पेला तेवढा वेगळा ठेवला. ही नोंद रोज डोळ्यांसमोर होती. ताळेबंदात आम्ही ती धरलीच नाही.