आधी गोधड्या, मग माइक

आवाजाचं काम घरातून सुरू करू बघणाऱ्याने पहिला रुपया माइकवर खर्च करू नये, असं माझं मत आहे. हे मत फारसं कुणाला आवडत नाही. माइक कसा, फोटोत छान दिसतो! खिडकीला लावलेली जाड सतरंजी दिसत नाही.

निमित्त आमच्या भाचीचं. (ताई, हे तू वाचणार आहेस हे गृहीत धरूनच लिहितेय.) नोकरी सांभाळून व्हॉइस-ओव्हर करायचं तिच्या मनात आहे. दीड वर्षात साठवलेले ६०,००० रुपये आहेत आणि त्या ६०,००० ची यादीही तयार आहे. यादीत सगळ्यात वर शुअरचा एसएम७बी. का? तर "मावशी, सगळ्या पॉडकास्टवाल्यांकडे तोच असतो." असतो खरा. २००१ साली आलेला हा माइक उत्तमच आहे, पण तो डायनॅमिक जातीचा आणि अगदी हळू बोलणारा. त्याला साधारण ६० डेसिबल वर उचलावं लागतं. स्वस्तातल्या बऱ्याच इंटरफेसना तेवढं उचलताना धाप लागते आणि आवाजाबरोबर सूऽऽ अशी खरखर वर येते. मग ती घालवायला आणखी एक डबी विकत घ्या. म्हणजे घोडा घेतला म्हणून तबेला बांधा.

तिची खोली मला माहीत आहे. दहा बाय दहा, खाली टाइल्स, दोन भिंती मोकळ्या, एक सरकती खिडकी आणि खिडकीखाली भंगारवाल्याचा रोजचा रस्ता. अशा खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागे जो 'ठण्ण' ऐकू येतो ना, तोच तुमच्या प्रत्येक वाक्यामागे चिकटणार. पंख्याची घरघर सॉफ्टवेअरने थोडीफार कमी करता येते. हा घुमारा मात्र एकदा रेकॉर्ड झाला की आवाजापासून सुटता सुटत नाही. आणि गंमत अशी, की माइक जितका संवेदनशील, तितका तो हा घुमारा मन लावून ऐकतो.

इथे लोकांची एक गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं ही एक गोष्ट आणि आतला आवाज भिंतींवरून परत येऊ न देणं ही दुसरी. पहिलीला वजन लागतं, फटी बुजवाव्या लागतात. आकाशवाणीच्या स्टुडिओत ज्यांनी पाऊल टाकलं असेल त्यांना ती जड दारं आठवत असतील. भाड्याच्या घरात ते जमणं कठीण, तिथे वेळच बदलावी लागते. दुसरी गोष्ट मात्र घरच्या घरी होते. गाद्या, रजया, आजीच्या गोधड्या, कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट. पातळ फोमचे तुकडे फक्त वरच्या पट्टीतले आवाज खातात, खालची गुंजन तशीच राहते. अंड्यांचे ट्रे तर कृपा करून आम्लेटवाल्यालाच परत द्या :)

फुकट मिळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घसरतो. म्हणून माइकपासून एक वीतभर बसावं. तुमचा आवाज मोठा पडतो, खोली मागे राहते.

पण एवढ्या जवळ बसलं की मराठीचा वेगळा प्रश्न येतो, जो इंग्रजी रिव्ह्यूंत सापडणार नाही. आपल्याकडे ख-घ पासून फ-भ पर्यंत दहा महाप्राण स्पर्शव्यंजनं आहेत आणि त्यांच्यासोबत हवा बाहेर पडते. 'फक्त', 'भरपूर', 'प्रथम' हे शब्द माइकच्या तोंडावर म्हणून बघा, धप्पकन वारा आदळतो. पॉप फिल्टर हवाच, शिवाय माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा. 'स', 'श', 'च' फार टोचत असतील तर चकचकीत आवाजाचा माइक टाळावा. त्यामुळे माइक निवडताना दुसऱ्याचा नमुना ऐकून उपयोग नाही. स्वतःच्या आवाजात मराठी परिच्छेद वाचूनच ठरवावं.

मग घ्यायचं काय? एक साधा कार्डिऑइड कंडेन्सर, त्याला लागणारी ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर देणारा दोन किंवा एकाच चॅनेलचा इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन, भक्कम स्टँड, केबल. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी, फुकट आणि पुरेसं. खोली फारच ठणठणीत असेल तर डायनॅमिक माइक बरा. यूएसबी माइक सरावाला ठीक, पण त्यात काही बिघडलं की सगळंच बदलावं लागतं. माझ्या अंदाजाने हे सारं ३०,००० च्या आत बसतं. (रत्नागिरीच्या मंडळींनी कंडेन्सर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवावा. दमट हवेत तो कुरकुरतो.)

उरलेले ३०,००० बँकेत राहू देत, हा माझा खरा आग्रह. कारण पहिलं काम कधी मिळेल, याची हमी कुठलाच माइक देत नाही. आणि आता साध्या जाहिराती, फोनवरच्या सूचना यंत्राच्या आवाजात होऊ लागल्यात. ताईची काळजी खोटी नाही. माझ्या मते नवख्याला अजून जागा आहे ती गोष्ट सांगण्यात, संवादात, बोलीत. तिथे वर्षभर तग धरायला पैसे शिल्लक हवेत. यंत्रं काय, कधीही घेता येतात.

तोवर तिला एक परीक्षा दिली आहे. कपाटाशी बसून दहा सेकंद गप्प राहायचं आणि ते रेकॉर्ड करायचं. ऑडिबलसाठी पुस्तकं स्वीकारणारं एसीएक्स शांततेची पातळी उणे ६० डेसिबल किंवा त्याखाली मागतं. तिचा पहिला आकडा उणे ४६ आला. फ्रिज बंद करून आणि गोधड्या टांगून उणे ५५. पहाटे साडेपाचला उणे ६१!

तेव्हा ताई, कुकर सातनंतर लाव.