गेटवरची पाटी

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मी बत्तीस वर्षं नोकरी केली. एकाच कारखान्यात, एकाच टेबलावर, आणि बरीच वर्षं एकाच खुर्चीवर. पण माझ्या पगाराच्या जुन्या स्लिपा कुणी काढून पाहिल्या तर त्याला वाटेल, या गृहस्थाला चार ठिकाणांहून काढून टाकलं असावं. कारण स्लिपांवर चार कंपन्यांची नावं आहेत. मी मात्र कुठंच गेलो नाही. पालघरहून सकाळची गाडी, मध्ये उमरोळी, मग बोईसर आणि तिथून रिक्षा, हा क्रम कधी चुकला नाही. बदलत गेली ती गेटवरची पाटी.

पाटी बदलण्याचा एक ठरलेला विधी असतो. आदल्या आठवड्यात गेटाला रंग लागतो. मग मुंबईहून सुटाबुटातले दोन साहेब येतात, पेढे वाटतात आणि माईकवर सांगतात, "आपण आता एक मोठं कुटुंब झालो आहोत." पहिल्या वेळी मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वेळी शेजारचे वाजवतात का ते पाहून वाजवल्या. तिसऱ्या वेळी 'कुटुंब' हा शब्द कानावर पडताच घरी जाऊन बँकेचं पासबुक काढून बसलो. कारण कुटुंब मोठं झालं की पहिल्या महिन्यात कँटीनचा बटाटेवडा लहान होतो आणि सहाव्या महिन्यात कुटुंबातली माणसं कमी होतात.

निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटलो एकदाचे या पाट्यांच्या फेऱ्यातून. पण २०२५ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी चिरंजीव मोबाईल नाचवीत आले आणि म्हणाले,

"बाबा, वॉर्नर ब्रदर्सवरून जुंपलीय!"

"कुणाची? भावाभावांची?" मी विचारलं.

चिरंजीवांनी माझ्याकडे दयार्द्र नजरेनं पाहिलं. पण माझा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. १९२३ साली ही कंपनी काढणाऱ्या वॉर्नर बंधूंमध्येही १९५६ मध्ये जुंपली होतीच. सगळ्या भावांनी मिळून कंपनी विकायची असं ठरलं, विकली, आणि मग धाकट्यानं गुपचूप पुन्हा आत शिरून गादी बळकावली. आपल्याकडे वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावरून याहून वेगळं काय चालतं?

या वेळची लढाई मात्र परक्यांची होती. ५ डिसेंबरला नेटफ्लिक्सनं जाहीर केलं की वॉर्नरचा स्टुडिओ आम्ही घेतो, कर्जासकट सुमारे ८३ अब्ज डॉलरला. तीन दिवसांत पॅरामाउंटवाले उठले आणि थेट भागधारकांकडे गेले की आम्ही अख्खी कंपनीच घेतो, १०८ अब्जांना. एकाला वाड्याची माडी आणि दिवाणखाना तेवढा हवा, दुसऱ्याला परसदार, विहीर आणि गोठाही हवा. १०८ हा आकडा ऐकून आमच्या हिनं सवयीनं हात जोडले.

"यात प्रेक्षकांचा फायदा आहे, असं दोघंही म्हणतायत," चिरंजीव म्हणाले. मला पेढ्यांचा वास आला.

वॉर्नरच्या गेटवरच्या पाट्या मी मग मोजून पाहिल्या. २००१ मध्ये एओएल आली, २०१८ मध्ये एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी आली, २०२२ मध्ये डिस्कव्हरी आली. माझ्या कारखान्याची बरोबरीच झाली म्हणायची. आणि प्रत्येक वेळी 'मोठं कुटुंब' झालंच असणार. शेवटच्या कुटुंबानं काय केलं पाहा. 'बॅटगर्ल' नावाचा जवळजवळ पुरा झालेला चित्रपट २०२२ च्या ऑगस्टमध्ये कपाटात बंद करून टाकला. पडला म्हणून नव्हे, कुणी पाहिलाच नव्हता तर पडेल कसा? तो दाखवण्यापेक्षा न दाखवून तोट्याच्या खात्यात टाकला तर करात जास्त सूट मिळेल, असा हिशेब त्यामागे होता म्हणतात. आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक पुरा झाल्यावर तो पंगत न बसवता विहिरीत ओतणाऱ्या माणसाला गाव वेडा म्हणतं. तिथं त्याला बढती मिळते.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या विहिरीशी पालघरच्या माणसाला काय करायचंय? तर ऐका. आमची ही संध्याकाळी स्टार प्रवाह लावते. शेजारच्या वहिनी कलर्स मराठीच्या. दोघींत यावरून जिन्यात रोज वाद. कुणाची सून जास्त सोशिक, कुणाची सासू जास्त कजाग, यावर भाजी निवडता निवडता महायुद्ध होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात स्टार इंडिया आणि व्हायाकॉम १८ यांचं रिलायन्स आणि डिस्नीनं एकत्रीकरण केलं. म्हणजे दोन्ही वाहिन्या एका मालकाच्या झाल्या. मी ही बातमी जिन्यात जाऊन सांगितली. दोघी क्षणभर गप्प झाल्या. मग ही म्हणाली, "म्हणजे आम्ही भांडत होतो ते कुणासाठी?" एवढा मूलभूत प्रश्न मी एकाही अर्थतज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेला नाही.

आमचे एक शेअरबाजारवाले स्नेही आहेत. ते म्हणाले, "अहो, दोन दुकानं एक झाली की खर्च वाचतो. वाचलेला पैसा चांगल्या मालात जातो." मी त्यांना बोईसर स्टेशनाबाहेरच्या दोन चहावाल्यांची गोष्ट सांगितली. दोघं समोरासमोर होते तेव्हा पेला काठोकाठ भरायचा, वर "साहेब, आलं टाकू का?" अशी विचारणा व्हायची. पुढं एकानं दुसऱ्याची टपरी घेतली. पेला तोच राहिला, चहा अर्ध्यावर आला. आलं विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण समोर जायला दुसरी टपरीच नव्हती.

पण स्नेह्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. तोट्यातला स्टुडिओ कुणी भावनेवर किती दिवस चालवायचा? आपल्याकडचे दाखले घ्या. १९२९ मध्ये कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी अशा पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. तिच्या 'संत तुकाराम'चा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरव झाला. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले आणि दहाएक वर्षांत प्रभातला कुलूप लागलं. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ १९४८ चा. २०१७ मध्ये तिथं आग लागली आणि २०१९ मध्ये ती जागा एका बांधकाम कंपनीनं घेतली. गोरेगावचं फिल्मिस्तान १९४३ चं, २०२५ मध्ये १८३ कोटींना गेलं, तेही इमारती बांधणाऱ्यांकडेच. मालकांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. घर चालेनासं झालं की आपणही आजोबांची कपाटं विकतोच.

माझं भांडण विक्रीशी नाही. कपाट विकताना आतल्या वस्तूंचं काय करायचं ते कुणी विचारत नाही, याच्याशी आहे. प्रभातच्या जागेचं भाग्य थोर, की १९६० मध्ये तिथं फिल्म इन्स्टिट्यूट आली. म्हणजे जिथं चित्रपट होत होते तिथं निदान चित्रपट शिकवले जाऊ लागले. पण रिळांचं काय? १९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची आज एकही प्रत नाही. २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातली कितीतरी रिळं जळून गेली. ही झाली आपल्या हलगर्जीपणाची आग. नव्या जमान्यात तर काडीसुद्धा लावावी लागत नाही. मालकानं एक बटण दाबलं की काल रात्री अर्धवट पाहिलेला सिनेमा आज सकाळी यादीतून गायब. वर्गणी आपण भरायची, किल्ली त्याच्या कमरेला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. स्टुडिओ कुणीही घ्या, पाट्या खुशाल रंगवा, पेढेही वाटा. पण सौद्याच्या कागदावर दोन ओळी सक्तीनं लिहून घ्या. एक, पुरा झालेला चित्रपट हिशेबाच्या सोयीसाठी कुणी गाडून टाकायचा नाही. दोन, प्रत्येक चित्रपटाची एक धड प्रत सरकारी संग्रहात जमा करायची. १९६४ पासून पुण्यात असा राष्ट्रीय संग्रह आहे, तो काही शोभेसाठी नाही. मालक बदलो, कंपनी बुडो, लोकांचं पाहिलेलं लोकांना पुन्हा पाहता आलं पाहिजे. तेवढ्यानं अब्जांच्या सौद्यात काही खळ पडणार नाही.

एवढं तावातावानं का बोलतो ते सांगतो. कारखान्यात मी प्रयोगशाळेच्या नोंदी ठेवत असे. जाड पुठ्ठ्याची रजिस्टरं, दर पाळीचं तापमान, दर घाणीचा नमुना, काय बिघडलं आणि कसं सुधारलं, सगळं माझ्या अक्षरात. चौथी पाटी लागली तेव्हा नव्या साहेबांनी कपाटं मोकळी करायला सांगितली. रजिस्टरं टेंपोत भरून भंगारात गेली. मी विचारलं तर म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे." कॉम्प्युटर आला होता आदल्या महिन्यात.

पुढं पंधरा दिवसांनी बोईसर स्टेशनाबाहेर गाडीची वाट बघत चणे घेतले. पुडीचा कागद ओळखीचा वाटला. उलगडून पाहिला तर माझंच अक्षर. रात्रपाळी, तापमान, खाली माझी सही.

चणे खाल्ले. कागद घरी आणून कपाटात ठेवला आहे. बत्तीस वर्षांतली तेवढी एकच प्रत शिल्लक आहे.