विज्ञानवार्ता : न्यूट्रिनोची मोजदाद

ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम तीरानें दक्षिणेस गेलें म्हणजे ट्रॉम्बे लागतें. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत ‘ध्रुव’ ही अणुभट्टी १९८५ सालीं पेटली. भट्टी चालूं असली म्हणजे तिच्यांतून अँटिन्यूट्रिनो नांवाचे विद्युद्भाररहित कण अखंड बाहेर पडतात. भिंत, डोंगर, किंबहुना सबंध पृथ्वीही त्यांस सहसा अडवीत नाहीं. कल्याण-डोंबिवलीस आपल्या माजघरांत बसलेल्या आमच्या वाचकांच्या देहांतूनही ते सुखेनैव पार होतात; कोणास त्यांची बाधा नाहीं कीं वार्ता नाहीं.

तथापि असंख्यांतून एखादा कण हायड्रोजनच्या अणुगर्भांत पकडला जातो. त्या वेळीं पॉझिट्रॉनची एक चमक उमटते आणि सेकंदाच्या लक्षांशांत मोजावें इतक्या अवधीनें न्यूट्रॉनमुळें दुसरी. ही जोडचमक हीच त्याची खूण. ती टिपण्यासाठीं तेथील शास्त्रज्ञांनीं प्लॅस्टिकच्या ९० दांड्यांची ‘इस्मरान’ ही योजना आंखली व १६ दांड्यांचा लहान संच भट्टीशेजारीं मांडून आधीं अनुभव घेतला. इंधनांत प्लुटोनियम वाढूं लागलें कीं अशा चमका घटतात. म्हणून भट्टी न उघडतां आंतील इंधनाची झडती बाहेरून घेतां येण्याजोगी आहे. अणुबाँबच्या युगांत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

ही मोजदाद किती चिकाटीची, हें अमेरिकेंतील रेमंड डेव्हिस यांनीं दाखविलें. होमस्टेक येथील सोन्याच्या खाणींत, सुमारें दीड किलोमीटर खोल, त्यांनीं कोरड्या धुलाईच्या द्रवाची ६१५ टनांची टांकी भरली. सूर्याचा न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणुगर्भानें पकडला कीं त्या अणूचा आर्गॉन होई. सरासरी दोन दिवसांस एक अणु! १९६८ पासून जो हिशोब निघूं लागला, तो अपेक्षेच्या सुमारें एक तृतीयांशच भरे. मोजणींतच चूक असावी, असें पुष्कळांस वाटलें. डेव्हिस यांनीं पुनःपुन्हा पडताळा घेतला, परंतु आंकडा बदलला नाहीं. अखेर २००१-०२ सालीं कॅनडांतील सडबरीच्या प्रयोगानें उलगडा केला : न्यूट्रिनो वाटेंत रूप पालटतात आणि पालटलेले त्या टांकीस दिसत नव्हते. २००२ सालीं डेव्हिस यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

जमाखर्चाचा मेळ बसला नाहीं, तर आंकडा खोडूं नये. कारण शोधावें, असें घरांतील वडील मंडळी सांगत आली आहेत. विज्ञानाची रीतही याहून निराळी नाहीं, असें आम्हांस वाटतें.