रांग सर्वांसाठी एकच

संगणक पक्षपात करत नाही, असं आपण सहज म्हणतो. माझं मत आता बदललं आहे. कोड लिहिणारा जसा, तसा त्याचा कोड.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भिलाईला घरी होतो आणि वर्गमित्र आपापल्या गावी. रोज रात्री ९ ते १० आम्ही डिस्कॉर्डवर भेटून गाणी ऐकायचो. त्यासाठी मी पायथनमध्ये छोटा बॉट लिहिला. यूट्यूबवरची गाणी वाजवणारे ग्रूवी आणि रिदम हे लोकप्रिय बॉट यूट्यूबच्या नोटिशीनंतर २०२१ मध्ये बंद पडले, हे आम्ही वाचलं होतं. म्हणून आमच्या यादीत फक्त स्वतः गायलेलं किंवा वाजवलेलं.

कोडमध्ये प्लेलिस्ट म्हणजे एक रांग. नवं गाणं शेवटी जोडायचं, पुढचं गाणं सुरुवातीचं उचलायचं. पण एकाने एकदम १२ गाणी टाकली की बाकीचे ताटकळत. शिवाय रांग फक्त मेमरीत होती. बॉट बंद केला की पुसली जायची. ज्याचा नंबर शेवटी, त्याचं गाणं राहूनच जायचं.

आणि मी? मी गुपचूप एक ओळ घातली होती. माझं नाव आलं की गाणं रांगेत पहिलं. बॉट मी बनवला, एवढा हक्क तर हवाच, असं मला वाटे.

अमरावतीचा एक मित्र बाबांना दुकानात मदत करून उशिरा यायचा. त्याची बासरी आठवडाभर वाजलीच नाही. त्याने तक्रार केली नाही. त्याला कोडिंग शिकायचं होतं, म्हणून मी त्याला फाईल पाठवली आणि ती ओळ काढायला विसरलो. त्याने एवढंच विचारलं, "यात तुझं नाव कशाला रे?" मला उत्तर देता आलं नाही.

भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेल्या आजोबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी विविध भारतीवर फर्माईश असायची. एकाच गाण्यासाठी कितीतरी नावं वाचायचे. गाणं एकदाच लागायचं, पण नाव प्रत्येकाचं यायचं."

मी कोड पुन्हा लिहिला. प्रत्येकाची वेगळी यादी. बॉट प्रत्येक फेरीत एकेकाचं एकच गाणं घेतो. तेच गाणं दोघांनी मागितलं तर नावं जोडतो. रांग फाईलमध्ये साठवतो आणि काल जिथे थांबलो, तिथूनच आज सुरू करतो. फेरीत माझा नंबर शेवटचा. कोड सर्वांना वाचायला खुला. त्या रात्री सुरुवात बासरीने झाली.

कोणी म्हणेल, गाण्यांच्या यादीचं एवढं काय? पण उद्या आपल्यापैकीच कोणी ड्यूटीची, रजेची, बढतीची यादी कोडमध्ये लिहील. तिथे लपवलेली एक ओळ कोणाच्या तरी घरापर्यंत पोचेल. देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत चेटवुड यांचे शब्द कोरलेले आहेत: आधी देश, मग आपले जवान, आणि स्वतःची सोय नेहमी शेवटी. ते आपल्याला पाठ आहेत. माझ्या मते ते कोड लिहितानाही लागू होतात. ज्याच्या हातात यादी, त्याचं नाव शेवटी. आणि नियम असा, की कोणीही उघडून वाचावा.