युद्ध युक्रेनचे, झळ लातूरला

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि पंधरवड्याच्या आत खनिज तेल पिंपामागे १२० डॉलरच्या वर गेले. चर्चा झाली ती पेट्रोलची. लातूरच्या आडत बाजारात ही झळ निराळ्या वाटांनी पोहोचते. काळ्या समुद्राकडून येणारे सूर्यफूल तेल अडले. इंडोनेशियात २०२२ मध्ये डिझेलमध्ये ३० टक्के पाम तेलजन्य इंधन मिसळले जात होते. २८ एप्रिलपासून २३ मेपर्यंत त्या देशाने पाम तेलाची निर्यातच रोखली. आपला सोयाबीन याच साखळीला बांधलेला आहे. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. वायू कडाडला तरी गोणीचा भाव शासनाने वाढू दिला नाही, हे श्रेय द्यावेच लागेल. पण २०२२-२३ मध्ये खत-अनुदान दोन लाख कोटींच्या पुढे गेले.

हा गुंता केवळ तर्काने सुटत नाही. बाजार, बंदरे, शेतकरी व शासन यांचे परस्परसंबंध संगणकात मांडून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतील वाहतूक निम्म्यावर आली तर ऐन पेरणीत डिझेल व खताचे काय होईल, हे निरनिराळ्या गृहीतकांवर हजारदा तपासता येते. (याला कोणी ज्योतिष समजू नये!) १९७२ च्या ‘लिमिट्स टू ग्रोथ’ या गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात संपूर्ण जग हा एकच घटक होता; त्यात उदगीर, देगलूर कोठून असणार? परकीय आपल्या हिताचे प्रश्न विचारतात. आपण किती काळ त्यांच्या ओंजळीने पाणी पिणार?

आणि संघर्ष रणगाड्यांनीच होतो असे थोडेच आहे? २०१५ मध्ये शेजारचे परळी वीजकेंद्र पाण्यावाचून बंद पडले. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वीज, पाणी आणि शांतता यांचे असे नाते ज्या प्रतिरूपात नाही, ते मराठवाड्याच्या काय कामाचे?

अमेरिकेने हवा तसा महासंगणक नाकारला, तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. आज यंत्राची अडचण उरलेली नाही. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण करणाऱ्या नांदेडच्या विद्यापीठाचे उपकेंद्र लातुरातच आहे. तेथील संगणकशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी बाजार समितीचे दैनंदिन भाव, खतविक्री आणि टँकरच्या फेऱ्या यांच्या दहा वर्षांच्या नोंदी एकत्र करण्यापासून आरंभ करावा. त्याला महासंगणकही लागत नाही.