मुक्कीचा वाघ आणि खोलीचा दर

‘तेवढ्या पैशात युरोप होतो.’ कान्हाच्या मुक्की दरवाजाजवळच्या एखाद्या बड्या लॉजचा दर सांगून पाहा. नागपूर-गोंदियाकडच्या कुठल्याही बैठकीत हे वाक्य आलंच म्हणून समजा. दोन माणसांचा एका रात्रीचा दर हंगामात चाळीस-पन्नास हजार, कधी त्याहूनही वर. आणि तो कुठे, तर बालाघाट जिल्ह्यात! भरवेलीचं मँगनीज, मलाजखंडचं तांबं आणि कामासाठी नागपूर-हैदराबादची गाडी धरणारे मजूर, एवढीच ज्या जिल्ह्याची आपल्याकडे ओळख. चिडणाऱ्यांची चीड त्यामुळे कळते. पण चीड म्हणजे युक्तिवाद नव्हे. या लॉजांची तरफदारी करणारे जे सांगतात तो तर युक्तिवादही नाही, नुसती जाहिरात आहे. माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी युरोपवाल्यांचं. तेवढ्या पैशात जो युरोप होतो तो बसमधून देशामागून देश ओलांडणारा, रात्री शहराबाहेरच्या हॉटेलात उतरणारा, बॅगेत चिवडा-लाडू बांधून नेणारा. त्यात वाईट काही नाही. आईवडिलांना तसा युरोप दाखवणाऱ्या मुलांचं कौतुकच आहे. पण मुक्कीच्या लॉजशी तुलना करायची तर त्याच तोलाच्या ठिकाणाशी करा. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरचं सां त्रोपे घ्या. मुळात कोळ्यांचं गाव. १८९२ मध्ये चित्रकार पॉल सिन्याक तिथे आला, १९५६ मध्ये ब्रिजित बार्दोचा चित्रपट आला, आणि गावाचं नशीब पालटलं. आज ऑगस्टात तिथल्या नामवंत हॉटेलातली खोली रात्रीला लाख रुपयांच्या पुढे जाते. त्या हिशेबाने मुक्की स्वस्तच म्हणायची. तेव्हा ‘युरोप होतो’ हा मुद्दा इथेच निकालात निघतो.

पण सां त्रोपेतली एक गोष्ट मुक्कीला लागू पडते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. तिथे पैसे पडतात ते आरामखुर्चीचे, छत्रीचे, थंड पेयाचे. समुद्र फुकट आहे. १९७६ च्या फ्रेंच कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनींच्या कडेने तीन मीटर रुंदीची पायवाट लोकांसाठी मोकळी ठेवायला लावली; अब्जाधीशाचा बंगला असला तरी त्याच्या कुंपणाबाहेरून कोणीही चालत जाऊ शकतो. १९८६ च्या किनारा कायद्याने पुळणीवर जाण्याचा हक्क सगळ्यांचा, विनामूल्य, हे पक्कं केलं. हॉटेल कितीही महाग असू दे, भूमध्य समुद्र त्याच्या बिलात धरता येत नाही.

आता मुक्कीला या. लॉज विकतं खोली आणि जाहिरातीत छापतं वाघ. तो वाघ लॉजच्या मालकीचा नाही. जंगलात शिरायचा परवाना शासन देतं आणि तुम्ही कुठे उतरलात यावर त्याचा दर ठरत नाही. बंजर नदीकाठच्या पंचतारांकित तंबूतून या किंवा त्याच नदीकाठच्या मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाच्या कान्हा सफारी लॉजमधून. दरवाजा तोच, वेळ तीच, रस्ते तेच. लॉजने आपला शिकलेला नॅचरलिस्ट गाडीत बसवला तरी उद्यानाचा गाइड घ्यावाच लागतो आणि तो दरवाजावर पाळीने मिळतो. आज ज्याची पाळी असेल तो तुमचा. पन्नास हजारवाल्याला वेगळा गाइड नाही, वेगळा वाघ नाही.

सकाळच्या फेरीत न्याहारीची एक ठरलेली जागा असते, तिथेच काय ती गाडीतून उतरायची मुभा. डिसेंबरात तिथे उभं राहून बघण्यासारखं असतं. एका जिप्सीच्या बॉनेटवर पांढरं कापड, त्यावर उकडलेली अंडी, केक, थर्मासमधली कॉफी. उतरलेल्या पाहुण्यांच्या हातात अजून गरम पाण्याच्या पिशव्या. शेजारच्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पोहे, आलुबोंडे आणि हिरव्या मिरच्या, माणसं कानटोप्यांत. दोन्हीकडे चेहऱ्यावर धूळ सारखीच. वाघ दिसला का, हा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच.

लॉजवाल्यांचा लाडका सिद्धान्त असा : दर चढा ठेवला की पर्यटक थोडे येतात, पैसा जास्त येतो, जंगलावरचा ताण कमी होतो. ऐकायला गोड आहे, मुक्कीला मात्र खोटा आहे. गर्दी खोलीच्या दराने आटोक्यात राहिलेली नाही, सरकारी नियमाने राहिली आहे. दरवाजातून एका फेरीला किती गाड्या सोडायच्या हे ठरलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटनच थांबवलं होतं; ऑक्टोबरात बंदी उठली ती राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्यावर, आणि त्यांत गाभ्याच्या फार तर २० टक्के भागात पर्यटन, अशी मर्यादा घातली. कान्हाचा गाभा ९४० चौरस किलोमीटरचा. उरलेलं जंगल वाचलं ते या मर्यादेने, कुणाच्या दरपत्रकाने नव्हे.

उलट हिशेब करून पाहा. जिप्सीत सहा पाहुणे बसतात. बडं लॉज आपल्या जोडप्याला अख्खी गाडी देतं, तोच तर थाट. गाड्या मोजक्या असताना दोन माणसांनी सहांची जागा अडवली तर गर्दी कमी होत नाही, माणसं बाहेर राहतात. जंगलात डिझेल-पेट्रोलचा धूर तेवढाच. भर उन्हाळ्यात तरणतलावाला, हिरवळीला, रोज बदलायच्या चादरी-टॉवेलांना लागणारं पाणी ते वेगळंच. याला कमी ताण कसं म्हणायचं?

आणि हे जंगल इतकं महागलं कुणामुळे? १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ नावांत आलं. त्याच्या थोडं आधी, १९७० मध्ये, इथला बाराशिंगा ६६ वर आला होता. कठीण जमिनीवर राहणारी ही जात दुसरीकडे जवळजवळ संपलेलीच. ती सावरली कारण माळांवरची गावं उठवली, गवत पुन्हा वाढू दिलं, कुंपणाच्या आत पिल्लं जगवली. आज ते कळप हजारावर गेले आहेत. गाडी थांबवून ज्या विस्तीर्ण माळाचे फोटो काढले जातात तिथे नांगर चालत होता. बैगा आणि गोंड कुटुंबं तिथून १९६९ पासून हलवली जाऊ लागली आणि ते काम या शतकातही चालू राहिलं. वनरक्षकांनी पायी गस्ती घातल्या, करदात्याने खर्च उचलला. ‘अस्पर्श अरण्य’ अशी जाहिरात करणाऱ्याने निदान एवढं तरी लक्षात ठेवावं.

बैगांच्या दारात ऐषाराम करणं हेच पाप, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा यावरून बळकट होतो असं वाटेल. मला तो पटत नाही. उद्या सगळी लॉज बंद केली तर एकाही बैगाला त्याचं शेत परत मिळणार नाही. स्वयंपाकी, ड्रायव्हर, माळी, गाइड यांचं काम मात्र जाईल. बैहर तालुक्यात कामं उघड्यावर पडलेली नाहीत. श्रीमंताने पैसे खर्च करू नयेत असं नाही. प्रश्न एवढाच की ते कुठे जाऊन पडतात. कामही बारमाही नाही. जुलै ते सप्टेंबर गाभा बंद असतो, तेव्हा बहुतेकांना घरचा रस्ता. धानाची रोवणी असते म्हणून निभतं, ज्याला धुरा-बांधीच नाही त्याने नागपूर गाठायचं.

मग महाग मुक्कामाला किंमत आहे की नाही? आहे, काही ठिकाणी नक्की आहे. चितळाची हाक आणि वानराची हाक यांतला फरक सांगणारा, वाघ न दिसता तीन तास तुम्हाला गुंगवून ठेवणारा, सुपखारच्या जुन्या गवताच्या छपराच्या विश्रामगृहाची आणि तिथल्या चीड वृक्षांची गोष्ट जाणणारा नॅचरलिस्ट मिळाला तर ते पैसे वसूल होतात. पडीक शेतात पुन्हा मोह-साजा वाढू देणारा मालक असेल तर त्यालाही द्यावेत. पण नुसता वाघ पाहायचा आहे, फोटो टाकायचा आहे, एवढाच हेतू असेल तर चाळीस हजार ही शुद्ध उधळपट्टी. महामंडळाचं लॉज घ्या, घरगुती होमस्टे घ्या, गाभ्याबाहेरच्या खापा बफरची फेरी मारा. बफरमध्ये वाघ दिसेलच असं नाही. गाभ्यातही त्याची हमी कुणी देत नाही.

ताटाचंही बोललं पाहिजे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सुवासिक, मऊ भात. वारासिवनी-लालबर्‍याकडचा शेतकरी तो जिवापाड जपतो. किती बड्या ताटांत तो नावानिशी वाढला जातो? बऱ्याच ठिकाणी पास्ता आहे, हुमुस आहे, आणि कोदो-कुटकी आलीच तर इटालियन वेषात. भूमध्य समुद्राचं जेवण बंजरच्या काठी मागणाऱ्या पाहुण्याचा यात दोष अधिक, की वाढणाऱ्याचा, हे मला ठरवता आलेलं नाही.

राहिला पैसा कुठे जाऊन पडतो हा प्रश्न. फ्रान्सने १९१० मध्येच कायदा करून गावांना मुक्काम-कर घ्यायची मुभा दिली. पाहुण्याच्या दर रात्रीमागे ठरावीक रक्कम, थेट स्थानिक तिजोरीत. व्हेनिसने तर २०२४ पासून दिवसभरासाठी येणाऱ्यांकडूनही ठरावीक दिवशी ५ युरो घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे २०१२ च्या त्याच सूचनांत पर्यटन व्यवसायाकडून संवर्धन-शुल्क घ्यावं आणि ते स्थानिकांच्या भल्यासाठी वापरावं असं म्हटलेलं आहे. बालाघाटने तेच रोखठोक मागावं : प्रत्येक महाग रात्रीमागे दराच्या प्रमाणात रक्कम, दरवाजालगतच्या ग्रामसभांच्या खात्यात, आणि खर्चाचा फलक पंचायतीच्या भिंतीवर. पन्नास हजार देणाऱ्याला आणखी हजार जड जाणार नाहीत. नदीकडे जाणारी वाट कुठल्याही कुंपणाने अडवू नये, हेही त्याच मागणीत घालावं.

कान्हा पुन्हा ऑक्टोबरात उघडतं. नागपूर, पुणे, मुंबईहून खोली आरक्षित करणाऱ्यांनी फोनवर दर विचारून झाला की आणखी तीन प्रश्न विचारावेत : तुमच्याकडे मुक्की-बैहरचे किती लोक कामाला आहेत, पावसाळ्यात त्यांना पगार मिळतो का, आणि भात कुठला वाढता? उत्तर देताना समोरचा अडखळला तर फोन ठेवा आणि महामंडळाच्या लॉजचा नंबर लावा.